गिअर आपोआप पडतो, पण कोणाच्या हुकमाने?

(यंत्र-परिचय पाठ)



ऊसवाहतूक आणि गिअर यांचा संबंध आपल्याला नव्याने सांगायला नको. दोन भरल्या ट्रॉल्या घेऊन चढाला लागलेला ट्रॅक्टर मध्येच गिअर बदलू देत नाही. क्लच दाबला की इंजिनाचा जोर तुटतो, ट्रॉल्या मागे ओढतात आणि दुसरा गिअर पडेपर्यंत ट्रॅक्टर जागच्या जागी उभा राहतो. म्हणून जाणता ड्रायव्हर चढाच्या पायथ्यालाच खालचा गिअर घालून ठेवतो. हे शहाणपण पुस्तकात नसते. ते त्याच्या कानात आणि पायात असते.

आता सभासदांच्या दारात क्लचचा पेडल नसलेल्या गाड्याही दिसू लागल्या आहेत. कोणाची जीप आहे, कोणाची मोटार, कोणाच्या मुलाने परगावाहून आणलेली जुनी परदेशी बनावटीची गाडी. त्याबरोबर गाऱ्हाणीही ऐकू येतात. एक म्हणतो, "गाडी गिअर टाकताना झटका मारते, तो काढता येईल का?" दुसरा म्हणतो, "वरचा गिअर फार लवकर पडतो, चढाला गाडी दम टाकते." तिसऱ्याला गॅरेजवाल्याने सांगितलेले असते, "थोडे पैसे टाका, गिअरबॉक्स कडक करून देतो." आणि सभासद विचारात पडतो की करावे, की करू नये?

पैसे टाकण्यापूर्वी आत काय चालते ते समजून घ्यावे, एवढ्यासाठी हा पाठ आम्ही देत आहोत. मेकॅनिक होण्यासाठी तो वाचायचा नाही. मेकॅनिकला नेमका प्रश्न विचारता यावा, यासाठी वाचायचा आहे.

उदाहरण अमेरिकेतले का?

आपोआप गिअर बदलणारी पेटी मोठ्या प्रमाणावर प्रथम अमेरिकेत विकली गेली. जनरल मोटर्स कंपनीने १९३९ साली ओल्डस्मोबिल मोटारीच्या १९४० च्या मॉडेलसाठी 'हायड्रामॅटिक' नावाची पेटी आणली. तीत चार गिअर होते आणि क्लचचा पेडल नव्हता. पुढे १९६४ च्या मॉडेलांपासून याच कंपनीची 'टर्बो हायड्रामॅटिक ४००' ही तीन गिअरची पेटी आली. ती प्रथम कॅडिलॅक आणि ब्यूक या मोटारींत बसली. पुढे पिकअप ट्रकांत, इंग्लंडच्या रोल्स-रॉइस व जॅग्वारमध्ये आणि अमेरिकन लष्कराच्या हमवी गाडीतही गेली. मजबुतीसाठी तिचे नाव आजही घेतले जाते.

आम्ही हीच पेटी उदाहरणाला घेतो. त्याला दोन कारणे आहेत. पहिले कारण, तिच्यात संगणक नाही. सारा कारभार तेल, स्प्रिंगा आणि वजने यांच्यावर चालतो, त्यामुळे काय बदलले की काय होते हे बोट ठेवून दाखवता येते. दुसरे कारण, तिकडच्या शर्यतवाल्यांनी आणि ट्रेलर ओढणाऱ्यांनी हिच्यात इतके फेरफार केले की त्यांचे बरेवाईट परिणाम सगळ्यांना ठाऊक झाले आहेत. दुसऱ्याच्या शेतातला प्रयोग फुकट पाहायला मिळत असेल, तर तो पाहून घ्यावा.

आत काय असते?

इंजिन आणि गिअरपेटी यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. म्हणजे तेलाने भरलेल्या बंद डब्यात समोरासमोर ठेवलेले पंखे. इंजिनाचा पंखा तेल भिरकावतो आणि त्या तेलाच्या जोराने समोरचा पंखा फिरतो. गाडी उभी असताना इंजिन चालू राहते, कारण जोड लोखंडाचा नसून तेलाचा आहे.

त्याच्या मागे प्लॅनेटरी गिअर असतात. मधे एक सूर्य-चक्र, त्याभोवती छोटी ग्रह-चक्रे आणि बाहेर दातेरी कडे. हे गिअर कायम एकमेकांत गुंतलेलेच असतात, सरकवावे लागत नाहीत. यातले कोणते चक्र धरून ठेवायचे आणि कोणते कोणाशी जोडायचे, यावर पहिला, दुसरा की तिसरा गिअर ते ठरते. हे धरण्याचे आणि जोडण्याचे काम तेलात बुडालेल्या क्लच-प्लेटा आणि पट्टे करतात. त्यांना दाबतो तो तेलाचा दाब.

तो दाब कोणाला, कधी आणि किती द्यायचा हे व्हॉल्व्ह बॉडी ठरवते. ही पेटीच्या तळाशी बसवलेली धातूची पाटी असते, तिच्यात नागमोडी चाऱ्या कोरलेल्या असतात. शेतकऱ्याला ती समजायला अवघड नाही. एक सरी भरली की आपण दारे मोडून पाणी दुसऱ्या सरीत घेतो ना? व्हॉल्व्ह बॉडीत हेच चालते. पाण्याच्या जागी तेल, सरीच्या जागी क्लच, आणि दारे धरणाऱ्या माणसाच्या जागी स्प्रिंगवर सरकणारे छोटे व्हॉल्व्ह.

आता मुख्य मुद्दा. गिअर बदलण्यात दोन वेगवेगळे प्रश्न असतात आणि गोंधळ होतो तो ते एकत्र केल्यामुळे. पहिला प्रश्न, गिअर कधी पडायचा? दुसरा, गिअर कसा पडायचा, हळूच की कडक? पेटीत या दोन्हींची व्यवस्था वेगळी आहे, म्हणून दुरुस्तीही वेगळी.

पहिला प्रश्न : कधी?

गिअर बदलणारा व्हॉल्व्ह म्हणजे एक तराजू समजा. एका पारड्यात गाडीचा वेग, दुसऱ्या पारड्यात इंजिनावरचा भार.

वेगाचे पारडे गव्हर्नर भरतो. जुन्या डिझेल पंपाच्या इंजिनावर फिरणारी वजने आपण पाहिली आहेत. वेग वाढला की ती बाहेर फेकली जातात. इथेही तसेच. पेटीच्या मागच्या शाफ्टवर गव्हर्नर फिरतो, गाडीचा वेग वाढेल तसा तो तेलाचा दाब वाढवतो, आणि तो दाब व्हॉल्व्हला वरच्या गिअरकडे ढकलतो.

भाराचे पारडे व्हॅक्यूम मॉड्युलेटर भरतो. ही पेटीच्या बाजूला बसवलेली एक डबी असते, आत रबरी पडदा असतो. इंजिनाच्या हवा ओढण्याच्या नळीपासून एक बारीक रबरी पाइप तिच्यापर्यंत येतो. ॲक्सिलरेटर थोडा दाबलेला असेल तर इंजिनाची ओढ, म्हणजे व्हॅक्यूम, जास्त असते. ॲक्सिलरेटर पुरा दाबला की ती ओढ कमी होते. ओढ कमी झाली की पेटीला कळते, गाडीवर ओझे आहे, वरचा गिअर उशिरा टाकायचा आणि क्लच जोराने दाबायचा.

वेगाचे पारडे जड झाले की वरचा गिअर पडतो. भाराचे पारडे जड राहिले की खालचाच गिअर टिकतो. ड्रायव्हर कानाने आणि पायाने करतो तेच हे, फक्त तेलाने केलेले.

मग गिअर उशिरा पडावा म्हणून काय करतात? गव्हर्नरची वजने हलकी करतात. हिशेब सोपा आहे. फिरणाऱ्या वजनाचा बाहेर जाण्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वजन २० टक्के कमी केले, तर तेवढाच जोर यायला वेग सुमारे १२ टक्के जास्त लागतो. स्प्रिंगांचा परिणाम सोडून नुसत्या वजनाचे हे गणित आहे. म्हणजे पुरा ॲक्सिलरेटर दाबून जो गिअर ताशी ८० किलोमीटरला पडत होता, तो ८९-९० च्या आसपास पडेल. शर्यतवाल्याला हे हवे असते. पण रोज ओझे ओढणाऱ्याने विचारावे की त्या जादा वेगात इंजिन किती फिरणार, डिझेल-पेट्रोल किती जाणार आणि इंजिनाची त्यापुढे ताकद वाढते तरी का? बहुतेक वेळा इंजिनाचा जोर तिथे उतरणीला लागलेला असतो, नुसता आवाज वाढतो.

दुसरा प्रश्न : कसा?

टर्बो हायड्रामॅटिक ४०० चे प्रमाण पहिल्या गिअरला २.४८, दुसऱ्याला १.४८ आणि तिसऱ्याला १ असे आहे. पहिल्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला ४,००० फेरे घेत असताना दुसरा पडला, तर त्याच वेगाला इंजिनाने सुमारे २,४०० फेऱ्यांवर उतरले पाहिजे. तब्बल १,६०० फेऱ्यांचा फरक. हा फरक क्षणात कोण मिटवतो? क्लच-प्लेटा. त्या आधी घसरतात, मग धरतात. घसरताना घर्षण होते आणि घर्षणातून उष्णता.

कंपनीने मोटार विकली ती आरामात बसणाऱ्या गिऱ्हाइकाला. त्याच्या हातातला चहाचा कप हिंदकळू नये, म्हणून प्लेटा हळूहळू दाबण्याची व्यवस्था केली. दाब जाणाऱ्या वाटेवर मुद्दाम बारीक भोक ठेवले. शिवाय अक्युम्युलेटर बसवला. हा स्प्रिंगवर बसवलेला दट्ट्या. तो आलेले थोडे तेल आधी स्वतः गिळतो, त्यामुळे क्लचवरचा दाब एकदम न चढता हळूहळू चढतो. उपसा योजनेच्या पाइपलाइनीवर व्हॉल्व्ह एकदम बंद केला की कसा दणका बसतो हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना अक्युम्युलेटर कशासाठी ते वेगळे सांगायला नको.

म्हणजे मऊ गिअर हा फुकट मिळत नाही. प्रत्येक वेळी क्लच-प्लेटेची थोडी झीज आणि तेलाची थोडी तापण देऊन तो विकत घेतलेला असतो. रिकाम्या मोटारीत हा सौदा परवडतो. मागे जड ट्रेलर लावला की परवडत नाही. ओझ्याखाली प्लेटा जास्त वेळ घसरतात, तेल तापते, तापलेले तेल पातळ होते, प्लेटा आणखी घसरतात, आणि एक दिवस तेलाला जळका वास येतो.

यावर तिकडे 'शिफ्ट किट' नावाची पुडी मिळू लागली. कॅलिफोर्नियातील ट्रान्सगो आणि बी अँड एम या कंपन्या त्यासाठी नावाजल्या. पुडीत काही स्प्रिंगा, वेगळ्या भोकांची पत्र्याची पाटी किंवा भोके मोठी करण्यासाठी ड्रिलची पाती, आणि कोणता चेंडू ठेवायचा व कोणता काढायचा याची कागदावर सूचना. काम दिसायला किरकोळ. पण हिशेब पाहा. २ मिलिमीटरचे भोक २.५ मिलिमीटर केले, तर व्यास सव्वापट होतो, पण तेल जाण्याची जागा १.५६ पट, म्हणजे दीडपटीहून जास्त होते. ठिबकच्या छिद्राचा अनुभव असलेल्या सभासदांना यातले मर्म कळेल. अर्धा मिलिमीटर म्हणजे काहीच नाही, असे तिथे म्हणून चालत नाही. आणि मोठे केलेले भोक पुन्हा लहान होत नाही, पाटीच बदलावी लागते.

याच पेटीतला आणखी एक प्रसिद्ध फेरफार सांगण्यासारखा आहे. तिच्यातला एक क्लच तिसऱ्या गिअरलाही धरतो आणि मागे जाण्याच्या, म्हणजे रिव्हर्स गिअरलाही. रिव्हर्सला त्याच्यावर जोर जास्त येतो, म्हणून कंपनीने तेलाला दाबण्यासाठी दोन जागा ठेवल्या. तिसऱ्या गिअरला फक्त आतली जागा वापरायची, रिव्हर्सला दोन्ही. तिकडचे मिस्तरी मधली एक सील काढतात, एक वाट बुजवतात आणि तिसऱ्या गिअरलाही दोन्ही जागा कामाला लावतात. क्लच जास्त ताकदीने धरतो. पण एक सील काढली आणि वाट बुजवायची राहिली, तर दाब गळतो आणि नवा क्लचच जळतो. एक पाऊल टाकले की दुसरे टाकावेच लागते, असे हे काम आहे.

या पेटीत फेरफार पचतात, त्याचेही कारण आहे. सायकलच्या फ्रीव्हीलसारखे एकाच बाजूला धरणारे चक्र तिच्यात असते. वरचा गिअर पडला की खालचा आपोआप सुटतो, त्याला वेगळे सोडावे लागत नाही. ज्या पेट्यांत एक क्लच सोडून दुसरा धरावा लागतो, तिथे वेळ साधावी लागते. आधीचा लवकर सुटला तर इंजिन मोकळे रेस होते. उशिरा सुटला तर दोन गिअर एकदम धरले जातात, गाडी आवळते आणि प्लेटा जळतात. म्हणून एका पेटीला चाललेली युक्ती दुसरीला चालेलच असे नाही. शेजाऱ्याच्या काळ्या रानातले खत आपल्या मुरमाड रानाला जसेच्या तसे घालत नाहीत, तसेच हे.

धक्का जातो कुठे?

गिअर कडक केला की प्लेटांचे घसरणे कमी होते, हे खरे. ओझे ओढणाऱ्या गाडीला थोडा कडक गिअर हितकारकच असतो. पण क्लचने जो भार घसरून सोसला असता, तो आता धक्का होऊन पुढे जातो. कुठे? प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसमध्ये, मागच्या डिफरन्शियलच्या दातांत, इंजिनाच्या रबरी माउंटिंगमध्ये आणि ट्रेलर असेल तर हूकच्या पिनमध्ये. तेलाचा मूळ दाबच वाढवला तर पंपाला जास्त ताकद लागते, तेल तापते आणि सीलांवर ताण येतो.

हा पाठ एका वाक्यात सांगायचा तर असा : गिअर बदलण्याची किंमत कोणीतरी भरतोच. मऊ केला तर क्लच भरतो, कडक केला तर पुढचे भाग भरतात. फेरफार करून किंमत नाहीशी होत नाही, फक्त बिल कोणाच्या नावावर जाते ते बदलते. म्हणून "गाडी जोरात पळेल का?" असे न विचारता "भार कोणावर जाईल, आणि त्याला तो पेलेल का?" असे विचारावे.

एक इशारा वेगळा देतो. शर्यतीसाठी पूर्ण हाताने चालवायच्या व्हॉल्व्ह बॉडीही मिळतात. त्यांतल्या काहींत उतारावर इंजिनाची अटकाव-शक्ती राहत नाही. भरली गाडी घाट उतरताना सारा भार ब्रेकवर येईल. रस्त्यावर ओझे वाहणाऱ्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये.

स्वभाव की बिघाड?

झटका मारते म्हणून पेटी उघडायला निघालेल्या कितीतरी गाड्यांत पेटीचा दोष नसतोच. फेरफाराचा विचार करण्याआधी खालील क्रमाने पाहावे.

१. तेल. पातळी गाडीच्या पुस्तकात सांगितली तशीच तपासावी. पुष्कळ गाड्यांत ती सपाट जागी, पेटी गरम आणि इंजिन चालू असताना पाहतात. तेल काळे आणि जळक्या वासाचे असेल, तर प्लेटा गेल्या समजा. अशा पेटीत किट घालणे म्हणजे किडलेल्या बेण्याला खत घालणे. तेल दुधाळ गुलाबी दिसले तर रेडिएटरमधून पाणी शिरले आहे.

२. व्हॅक्यूमचा पाइप. तो तडकला वा निसटला तर पेटीला वाटते, गाडीवर सारखे ओझे आहे. गिअर उशिरा आणि दणक्याने पडतो. चार बोटे लांबीचा रबरी तुकडा बदलून भागण्यासारखे हे काम. मॉड्युलेटरचा पडदा फाटला तर इंजिन पेटीचे तेल ओढते, पांढरा धूर येतो आणि तेल कुठे जाते ते कळत नाही.

३. इंजिन स्वतः. ज्या इंजिनाला ओढ नाही, त्याचा निरोप पेटीला चुकीचा जातो. आधी इंजिन ठीक करावे.

४. माउंटिंग आणि क्रॉस. रबर बसलेले वा क्रॉस ढिला असेल तर साधा गिअरही झटक्यासारखा लागतो.

५. तेल थंड करणारा कूलर आणि गाळणी. तेलाबाबत या धंद्यातला ठोकताळा असा की, एका मर्यादेपुढे दर १०-११ अंश सेल्सिअस तापमान वाढले की तेलाचे आयुष्य निम्म्यावर येते. ओझे ओढणाऱ्या गाडीला पहिला खर्च करायचा असेल तर तो जादा कूलरचा. यात पेटी उघडावी लागत नाही, काही बिघडत नाही आणि फायदा रोज होतो.

काही मॉड्युलेटरांना आतून फिरवायचा स्क्रू असतो. तो आवळला की गिअर उशिरा पडतो आणि दाबही वाढतो. एकाच स्क्रूने 'कधी' आणि 'कसा' दोन्ही हलतात, हे ध्यानात ठेवावे. फिरवायचाच तर थोडा फिरवावा, किती फिरवला ते लिहून ठेवावे आणि गाडी चालवून पाहावी. दोन गोष्टी एकाच दिवशी बदलल्या तर कशाने गुण आला आणि कशाने बिघडले, ते कळत नाही. एकाच प्लॉटात खत आणि बेणे दोन्ही बदलले तर उतारा कशाने वाढला हे जसे सांगता येत नाही, तसेच.

नव्या गाड्यांचे काय?

वर सांगितलेल्या पेटीचाच संगणकावर चालणारा वारस १९९१ मध्ये '४ एल ८० ई' या नावाने आला. त्यात गव्हर्नरची वजने गेली. वेग आणि भार विजेच्या तारांतून संगणकाला कळतात आणि तो विजेवर चालणाऱ्या व्हॉल्व्हना हुकूम देतो. इथे फेरफार म्हणजे ड्रिल नव्हे, संगणकातले आकडे बदलणे. पण प्रश्न तेच दोन, कधी आणि कसा. आणि किंमत भरणारेही तेच, क्लच किंवा पुढचे भाग. आकडा बदलायला घाम येत नाही, म्हणून तो हलका समजू नये. मूळ आकडे जपून ठेवल्याशिवाय कोणालाही हात लावू देऊ नये.

आपल्याकडे दिसणाऱ्या पुष्कळ पेडल नसलेल्या मोटारी मात्र वेगळ्या जातीच्या आहेत. २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओपासून आपल्या देशात स्वस्त मोटारींत 'ए. एम. टी.' हा प्रकार रुळला. ही पेटी आतून साधी, हाताच्या गिअरचीच असते. क्लचही नेहमीचा कोरडा. फक्त क्लच दाबण्याचे आणि गिअर टाकण्याचे काम माणसाच्या पायाहाताऐवजी यंत्र करते. तिच्यात टॉर्क कन्व्हर्टर नाही, तेलातल्या प्लेटा नाहीत. गिअर बदलताना गाडी क्षणभर दम खाते, तो तिचा स्वभाव आहे, बिघाड नव्हे. तिला शिफ्ट किट वगैरे काही लागू पडत नाही. चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरू नये, ब्रेक वापरावा, नाहीतर क्लच जळतो. एवढी शिस्त पाळली तरी पुष्कळ झाले.

आपल्या उसाच्या रानात

आपले बहुतेक ट्रॅक्टर पायाच्या क्लचचे आहेत, त्यांना हा पाठ थेट लागू नाही. पण काही नव्या, मोठ्या ट्रॅक्टरांत तेलातल्या क्लच-प्लेटा आल्या आहेत, आणि ऊसतोडणी यंत्राची चाल तर बहुधा तेलाच्या पंप-मोटारीवरच असते. तिथेही एक मोह होतो. यंत्र जड उसात अडखळले की कोणीतरी म्हणतो, "रिलीफ व्हॉल्व्ह जरा आवळा, जोर येईल." जोर येतो, खरे आहे. पण रिलीफ व्हॉल्व्ह म्हणजे बंधाऱ्याचा सांडवा. सांडव्याची उंची वाढवली की पाणी जास्त साठते आणि भिंतीवरचा भारही वाढतो. नळी फुटली, पंप बसला, तर तो कोणत्या दिवशी बसणार? भर हंगामात, तोड चालू असताना. तोडलेला ऊस फडात पडून वाळतो, वजन घटते, साखर उतारा घटतो आणि कर्जाचा हप्ता मात्र घटत नाही. म्हणून दाबमापक लावल्याशिवाय आणि यंत्राच्या पुस्तकातला आकडा पाहिल्याशिवाय तो स्क्रू फिरवू देऊ नये.

मेकॅनिकला विचारायचे पाच प्रश्न

१. हा बिघाड आहे की गाडीचा स्वभाव? बिघाड नाही हे तुम्ही कशावरून ठरवले?

२. तुम्ही 'कधी' बदलणार आहात की 'कसा'?

३. नेमका कोणता भाग बदलणार? काढलेले जुने भाग मला परत मिळतील का? पुन्हा पहिल्यासारखे करता येईल का?

४. भार आता कोणत्या भागावर जाईल, आणि तो भाग तुम्ही तपासला का?

५. वॉरंटी चालू असेल तर तिच्या कागदात अशा फेरफाराबद्दल काय लिहिले आहे?

पाचही प्रश्नांना सरळ उत्तरे मिळाली, तर काम द्यायला हरकत नाही. "त्याची काळजी नको मालक, आमच्यावर सोडा" एवढेच उत्तर मिळाले, तर गाडीची किल्ली परत घ्यावी आणि घरी यावे.

असो. पेटीत गिअर आपोआप पडत असला तरी त्यामागे कोणीतरी विचार करून ठेवलेले भोक, स्प्रिंग आणि वजन असते. ते आपल्या कामाला जुळत नसेल तर जरूर बदलावे, पण ते तिथे का ठेवले होते हे समजून मगच. ज्या सभासदांच्या गाडीला झटक्याची तक्रार आहे, त्यांनी आज संध्याकाळी एवढेच करावे : गाडी सपाट जागी लावावी, पुस्तकात सांगितल्याप्रमाणे तेल पाहावे आणि वास घ्यावा. निम्मी हकीकत तिथेच कळेल.